कवंडळावरची विटकरी कड

लालबागच्या आमच्या घरी गणपतीच्या दिवसांत सगळे मूर्तीकडे बघतात. मी छताकडे बघते. लग्न झाल्यापासून बघते आहे. माझं माहेर गिरगावातलं, ठाकूरद्वारचं. तिकडे गणपतीच्या डोक्यावर कागदी झालर असते आणि फार तर विजेची माळ. लालबागला सासरी आले आणि पहिल्याच वर्षी गणपतीच्या वर एक लाकडी चौकट टांगलेली पाहिली. तिला नारळ, सुपारीचे घोस, तवसं, चिबूड, आंब्याचे टाळे आणि रानातली नाना फळं बांधलेली. हिला माटवी म्हणतात. कोकणातल्या घरातून गिरणीच्या नोकरीबरोबर ती मुंबईत आली, गिरण्या गेल्या तरी ती राहिली. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, त्यातही बुरशी हा माझा विषय. ओली हवा, बंद खोली, तेवणारी समई आणि छताला टांगलेली पिकलेली फळं यांच्याकडे माझ्यासारखी बाई केवळ भक्तिभावाने बघेल ही अपेक्षा चुकीची होती.

माझ्या मोठ्या जाऊबाईंना ते कळून चुकलं होतं. "तू देवाक नमस्कार करतंस काय छताक?" असं त्या दरवर्षी विचारत. मी त्यांना वहिनी म्हणते. घर त्यांचं, गणपती त्यांचा, माटवीही त्यांची. आम्ही दादरला राहतो आणि त्या दिवसांत रोज तिकडे जातो. वहिनींची माटवी चाळीत नावाजलेली होती. गावाहून सामान यायचं, वहिनी स्वतः स्टुलावर चढून बांधायच्या, आणि मजल्यावरच्या बायका आरतीच्या निमित्ताने येऊन यंदा काय कमी आहे ते शोधून जायच्या.

त्या वर्षी मला माटवीतल्या एका कवंडळावर काहीतरी दिसलं. कवंडळ म्हणजे रानवेलीचं फळ, मुठीएवढं, शेंदरासारखं लाल, दिसायला सुरेख आणि चवीला जहर कडू. त्याचा खाण्याशी संबंध नाही, शोभेशी आहे. त्याच्या देठाजवळ करड्या हिरव्या पावडरीचा एक ठिपका होता. इतपत काही मी रोज बघते. पण ठिपक्याच्या भोवती विटकरी रंगाची बारीक कड होती. ती मी कधी पाहिली नव्हती. आरती संपल्यावर मी स्टूल ओढलं, पर्समधलं भिंग काढलं आणि वर चढले.

"खाली उतर गो," वहिनी प्रसादाचं ताट घेऊन खालून म्हणाल्या. "माटवीचा काय काढूचा नसता. चतुर्दशीपर्यंत थयच रवतला."

"काढत नाही, बघते आहे. बुरशी आहे."

"बुरशी? माझ्या माटवीक?" त्यांनी आधी दाराकडे बघितलं. "हळू बोल. बाजूची कान लावन बसलेली असता."

मी मोबाइलवर फोटो काढला आणि खाली उतरले. नियम मला माहीत होता. एकदा माटवीला बांधलेली वस्तू विसर्जनापर्यंत सोडायची नाही. मी म्हटलं, हरकत नाही, अनंत चतुर्दशीला हे फळ मला द्या. तोवर उद्या निर्जंतुक सुई आणते, वरच्या वर जरा खरवडून घेते. फळ जागचं हलणार नाही. वहिनी प्रसाद वाटायला वळल्या. त्यांचा होकार मी धरून चालले.

दुसऱ्या दिवशी सुई, बशा, स्पिरिटचा दिवा असं सगळं घेऊन गेले, तर कवंडळं आरशासारखी चकाकत होती. एकूण एक.

"पुसलंय मी," वहिनी म्हणाल्या. "खोबरेल लावन. गिरगावची पावणी येवची होती, तेंका काय बुरशी दाखवू?"

गिरगावची पावणी म्हणजे माझी आई. तिने आयुष्यात कधी वर बघितलं नसतं. पण वहिनींचं चूक काय होतं? पाहुणे यायच्या आधी घर पुसतात. त्यांनी देवघराच्या भोवतालची सगळ्यांत दर्शनी वस्तू पुसली होती. मी सुई परत पिशवीत ठेवली. मग विचारलं, "कशाने पुसलंत?"

फडकं गॅलरीतल्या दोरीवर होतं. जुन्या धोतराचा तुकडा, तेलाने माखलेला. मी तो पिशवीत भरायला लागले तशा वहिनी खरोखर काळजीत पडल्या. "तां फडक्या कित्याक? होया तर नवा देतंय तुका."

पुढची हकीकत सांगायला सोपी आणि करायला कंटाळवाणी आहे. फडक्याचे तुकडे मी बटाट्याच्या काढ्याचं खाद्य थिजवलेल्या बशांमध्ये ठेवले. बुरशीला बटाटा आवडतो, याबाबतीत तिची आणि उपासाच्या लोकांची आवड एक आहे. चार दिवसांत बशांमध्ये प्राणिसंग्रहालय उगवलं. पावावर येते ती, कांद्यावर येते ती काळी, आणि जिचं तिथे काहीच काम नव्हतं अशा आणखी दोनतीन. त्या गर्दीत एका कोपऱ्यात करडा हिरवा ठिपका, भोवती विटकरी कड. मी तेवढीच उचलून नव्या बशीत लावली, त्यातली पुन्हा नव्या बशीत, असं करत करत ती एकटी केली. कॉलेजातला उबवणीचा कपाटवजा डबा बंद पडला की मी बशा घरी आणत असे. फ्रिजमध्ये डोशाच्या पिठाशेजारी त्यांची रांग असे. नवरा बँकेत आहे, शंकेखोर आहे. त्याचं एवढंच म्हणणं होतं की कुठलं खायचं ते वर लिहून ठेव.

सूक्ष्मदर्शकाखाली ही बुरशी कुंचल्यासारखी दिसत होती. पेनिसिलिन जिच्यापासून मिळालं त्या पेनिसिलियमच्या कुळातली, हे उघड होतं. पण त्या कुळात शेकडो जाती आहेत आणि त्यांना एकमेकींपासून वेगळं ओळखणं म्हणजे कोळिणींच्या पाटीतल्या चार प्रकारच्या कोळंब्या नवशिक्याने ओळखण्यासारखं आहे. बीजाणू गुळगुळीत की खरखरीत, कुंचल्याच्या काड्या किती आणि कुठून फुटतात, ताप आलेल्या माणसाच्या अंगाइतक्या उष्णतेला ती वाढते की मान टाकते, बशीच्या तळाशी कोणता रंग उतरतो. हिचे बीजाणू खरखरीत होते, उष्णता तिला सोसत नव्हती आणि बशी उलटी केली की तळ कौलासारखा लाल. मी जाडजूड ग्रंथ चाळले. वर्णन कुठेच जुळेना. मग तिचा डीएनए बाहेर पाठवला. चार अक्षरांची लांबलचक माळ परत आली. जगभरच्या नोंदींशी ती ताडून बघितली, तर सगळ्यांत जवळचा नातेवाईक आमच्या गावच्या चुलत घराण्याइतका लांबचा निघाला, म्हणजे आडनावापुरता.

मला अजून आठवतं, मी प्रयोगशाळेत एकटीच होते आणि मोठ्याने म्हटलं, "ही नवी आहे." ऐकायला कोणी नव्हतं ते बरं झालं, कारण आमच्या विषयात ऐकणारा पहिला प्रश्न विचारतो तो म्हणजे, कुठे मिळाली?

दादरला एका सभागृहात चर्चासत्र होतं. मी तिथे ती मांडली. सत्राचं उद्घाटन ठरल्या वेळेनंतर बऱ्याच वेळाने झालं, कारण वातानुकूलनाच्या झोतात समई पेटत नव्हती आणि ती पेटल्याशिवाय विज्ञान सुरू करण्याची कुणाची तयारी नव्हती. पाहुण्यांची ओळख करून देणारी बाई त्यांची पदं वाचता वाचता दोनदा पाणी प्यायली. पाहुणे आमच्या विषयातले थोर समजले जाणारे प्राध्यापक होते. त्यांच्या हाताखालून निघालेली माणसं देशभरच्या कमिट्यांवर बसलेली आहेत, त्यामुळे ते बोलतात तेव्हा पुढच्या तीन रांगा हसायला आधीच तयार असतात.

मी फोटो दाखवले, बशा दाखवल्या, डीएनएवरून काढलेला वंशवृक्ष दाखवला. शेवटी त्यांनी विचारलंच. नमुना फळावरून घेतलेला नाही? मी खरं ते सांगितलं. फळ पुसलं गेलं, नमुना फडक्यावरचा आहे.

"मॅडम," ते माइक जवळ घेऊन म्हणाले, "फडक्यावर बुरशी येते याला शोध म्हणत नाहीत. त्याला घरकाम म्हणतात."

पुढच्या तीन रांगा हसल्या, मग मागच्याही. मीही हसले असावे. अशा वेळी तोंड आपोआप तसं होतं. चहाच्या वेळी दोघीतिघींनी माझा हात दाबला आणि सामोसे चांगले आहेत असं सांगितलं.

तरीही मी निबंध लिहून परदेशी नियतकालिकाला पाठवला. तिथल्या परीक्षकांना माझं नाव माहीत नव्हतं आणि त्या प्राध्यापकांचंही नव्हतं, हा मोठा दिलासा होता. त्यांनी लिहिलं की बुरशी वेगळी दिसते, पुरावा रोचक आहे. पण एकच नमुना, तोही कापडावरचा. ही जात फळावर राहते असा दावा करायचा तर तीच बुरशी प्रत्यक्ष फळावरून, दुसऱ्यांदा, स्वतंत्रपणे मिळवून दाखवा. भाषा सभ्य होती. अर्थ प्राध्यापकांनी सांगितला तोच होता. आणि मला कबूल करावं लागलं की तो बरोबर होता. दुसऱ्या कुणाचा निबंध माझ्याकडे तपासायला आला असता तर मीही हेच लिहिलं असतं, कदाचित इतक्या सभ्यपणे नाही.

कवंडळं भाद्रपदात पिकतात. म्हणजे पुढच्या गणपतीपर्यंत थांबणं आलं.

पुढच्या वर्षी गणपतीच्या आधीच मी दादरच्या बाजारातून पिशवीभर कवंडळं आणली. काही आमच्या खिडकीत टांगली, काही न्हाणीघरात, काही ठाकूरद्वारला आईकडे. आईने ती दाराला लावली, कारण तिला वाटलं ती दृष्ट काढण्यासाठी आहेत. वहिनींच्या माटवीतही कवंडळं होतीच. आणि यंदा वहिनी सावध होत्या.

"औंदा काय येवची नाय हां बुरशी," त्यांनी मला दारातच सांगितलं. "सगळा धुवन, पुसून बांधलंय."

मी मान डोलावली. मनात म्हटलं, धुतल्याने बुरशी थांबली असती तर माझी नोकरी केव्हाच गेली असती. पण वहिनी जिंकत होत्या. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. आमच्या खिडकीत काळी बुरशी आली, आईच्या दारात पांढरी, वहिनींकडे काहीच नाही. विटकरी कड कुठेच नाही. मग मी लालबाग, परळ, दादर, गिरगाव इथल्या ओळखीच्या ज्या ज्या घरी माटवी होती तिथे दर्शनाला जायला सुरुवात केली. नमस्कार करायचा, प्रसाद घ्यायचा, वर बघायचं. मोदक इतके खाल्ले की रात्रीचा स्वयंपाक करणं सोडून दिलं. नातेवाइकांत माझी भक्ती वाढल्याची बातमी पसरली. एका मावससासूने नवऱ्याला फोन करून सगळं ठीक आहे ना असंही विचारलं. निम्म्या घरांतली कवंडळं प्लास्टिकची होती. ती लांबून इतकी खरी दिसत की एका घरी मी स्टुलावर चढून भिंग लावल्यावर यजमानांनी अभिमानाने सांगितलं, "धुवून ठेवतो आम्ही. दरवर्षी वापरता येतात."

विसर्जनाला थोडेच दिवस उरले होते. मी वहिनींच्या स्वयंपाकघरात बसून मागच्या वर्षीचा फोटो पुन्हा बघत होते, दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून. वहिनी नारळ खवत होत्या. फोटो मी शंभरदा बघितला होता, पण दरवेळी बुरशी बघितली होती. या वेळी मी मोठा करून बघितला आणि बुरशीच्या शेजारचं बघितलं. ठिपका देठापासून सुरू झालेला नव्हता. देठाला बांधलेला दोर जिथे फळाच्या सालीत रुतला होता, तिथून तो सुरू झाला होता आणि दोराच्या कडेने पसरला होता. दोर तपकिरी, चपटा, सालीसारखा.

"वहिनी, मागच्या वर्षी कवंडळं कशाने बांधली होती?"

"केवणीन. कायम केवणीनच बांधतत. औंदा गावसून केवण इली नाय, म्हणान सुतळी लावली." त्यांचा हात थांबला. "कित्याक? बरा दिसना नाय?"

केवण म्हणजे कोकणातल्या रानातलं झुडूप. त्याच्या सालीचा दोर निघतो. माटवी त्यानेच बांधायची ही रीत, पण मुंबईत ती मिळणं मुश्कील, म्हणून कुणी सुतळी वापरतं, कुणी नायलॉन. मी इतके दिवस शहरभर फळं तपासत हिंडत होते. बुरशी फळाबरोबर येत नव्हती. ती दोराबरोबर येत होती. केवणीच्या सालीत ती निमूट राहत असणार आणि पिकलेल्या कवंडळाची साल फुटली की तिला जेवणाचं ताट वाढल्यासारखं होत असणार.

मी तिथूनच गावच्या चुलतदिरांना फोन लावला. केवण का पाठवली नाही? ते म्हणाले, "पाठवतंय होतंय, पण वहिनीन सांगितल्यान, औंदा नको." मी वहिनींकडे बघितलं. त्या नारळाकडे बघत होत्या.

"ती केवण ओली येता," त्या म्हणाल्या. "माका वाटला, तेंच्यामुळाच येता ती घाण. म्हणान नको म्हटलंय."

म्हणजे जे मला शोधायला वर्ष लागलं ते वहिनींनी अंदाजाने ओळखलं होतं आणि त्यावर उपायही केला होता. विज्ञानात याला नियंत्रित प्रयोग म्हणतात. मला हसायला येत होतं आणि रडायलाही, पण वेळ नव्हता. चुलतदिरांनी केवण संध्याकाळच्या बसमध्ये टाकली. दुसऱ्या दिवशी ती मी परळला बसवाल्याकडून घेतली आणि एक मोठा तुकडा निर्जंतुक पिशवीत बाजूला ठेवून बाकीची लालबागला घेऊन गेले. सोबत दोन ताजी कवंडळं.

वहिनींनी दारातच हात कमरेवर ठेवले. "माटवीचा काय सोडूचा नसता."

"सोडत नाहीच. पण नवीन बांधायला बंदी आहे का?"

त्या विचारात पडल्या. नियम काढण्याबद्दल होता, चढवण्याबद्दल कुणी काही म्हटलं नव्हतं.

"आणि सुतळीने बांधलेली माटवी शास्त्राला चालते का?" मी विचारलं. हा प्रश्न मी बसमध्ये बसून तयार केला होता. शास्त्र या शब्दाचे दोन अर्थ सोईने वापरण्यात आमच्या कॉलेजात मी एकटी नव्हते.

"तुका चलता तर," वहिनी म्हणाल्या. "पण बुरशी इली तर?"

"यायलाच हवी."

"आणि लोकांनी बघल्यानी तर? गणपतीच्या घरात सोवळा नाय, असा म्हणतले. बाजूची तर चार मजल्यांक सांगात." त्यांचा आवाज खरंच खाली आला. "लगीन होऊन हय इलंय तेव्हापासून माटवी मी बांधतंय. एक दिवस कोण काय बोललेला नाय."

मला त्या वेळी पहिल्यांदा लक्षात आलं की नुकसान होणार ते दोघींचं होतं. माझं नाव एका सभागृहात गेलं होतं, त्यांचं त्यांच्या मजल्यावर जाणार होतं. आणि चाळीचा मजला सभागृहापेक्षा जास्त लक्षात ठेवतो. मी म्हटलं, तुम्ही नको म्हणालात तर नाही बांधणार. मनापासून म्हटलं. मग चहा झाला. चहानंतर वहिनींनी स्टूल ओढलं आणि केवण माझ्या हातातून घेतली. "तुका गाठ मारूक येवची नाय," म्हणाल्या आणि दोन्ही कवंडळं स्वतः बांधली. दोर चांगला आवळून, सालीत रुतेल असा.

तीन दिवस काही नाही. मग एका संध्याकाळी मी पोचले तेव्हा दारात चपला होत्या आणि आत शेजारच्या बाई छताकडे बोट दाखवत उभ्या होत्या.

"अगो, ह्या बघ. तुझ्या माटवीक बुरशी इली."

दोराच्या कडेने करडी हिरवी रेघ होती. तिच्याभोवती विटकरी कड, मागच्या वर्षीपेक्षा ठळक. मला पुढे जायचं भान राहिलं नाही. वहिनी ओट्याजवळ उभ्या होत्या, हातात ओलं फडकं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. शेजारच्या बाईंनी मदतीच्या भावनेने स्टुलाकडे हात नेला. "दी फडक्या हय, पुसतंय मी."

"थय हात लावू नको," वहिनी म्हणाल्या. "ती हिच्या कॉलेजची आसा."

"बुरशी? कॉलेजची?"

"व्हय. मुद्दाम आणल्यान. गावसून केवण मागवन. शिकलेल्या माणसाची कामा तुका काय कळतली?" आणि त्यांनी फडकं ओट्यावर घडी करून ठेवलं, स्टूल उचलून आतल्या खोलीत नेलं.

विसर्जनापर्यंत वहिनींनी त्या कवंडळांची राखण केली. उत्तरपूजा झाल्यावर मोठ्या दिरांनी माटवी उतरवली. बाकी सगळं मूर्तीबरोबर निघालं. वहिनींनी ती दोन कवंडळं दोरासकट माझ्या पिशवीत घातली, गुलाल लागू नये म्हणून वर स्वतःचा रुमाल धरून. मी मिरवणुकीला गेले नाही. ढोल ऐकू येत होते, मी उलट दिशेने, बंद रस्त्यांतून चालत कॉलेजला गेले आणि बशा भरल्या. एकीत फळावरची बुरशी, दुसरीत बाजूला ठेवलेल्या केवणीची साल.

दोन्हीत तीच उगवली. करडी हिरवी, कड विटकरी, तळ कौलासारखा लाल. डीएनए आला, तो मागच्या वर्षीच्या फडक्यावरच्या डीएनएशी जुळला, अक्षर न् अक्षर. त्या दिवशी मी प्रयोगशाळेत "ही नवी आहे" असं मोठ्याने म्हटलं नाही. गरज नव्हती. एक बशी खिडकीच्या उजेडात उलटी धरली आणि बराच वेळ बघत राहिले. इतका सुंदर लाल रंग मी कुणाच्या शालूवर पाहिलेला नाही.

निबंध पुन्हा लिहिला. नाव द्यायचं होतं. मी वहिनींना म्हटलं, तुमच्या नावावरून ठेवू का?

"माझ्या नावान बुरशी? लोक काय म्हणतले? नाव नको, पत्तो नको, काय नको. शपथ घे."

मी शब्द दिला. निबंधात मध्य मुंबईतलं एक राहतं घर एवढंच लिहिलं. बुरशीचं नाव ठेवलं माटवीकोला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ माटवीत राहणारी. नवरा म्हणाला, थंड पेयासारखं वाटतं, थंडच सर्व्ह करायची का. वाळवलेला नमुना संग्रहालयात गेला, जिवंत नमुना जगातल्या कुणालाही मागवता येईल अशा ठिकाणी जमा झाला, नाव आंतरराष्ट्रीय नोंदीत चढलं. निबंध स्वीकारल्याची मेल आली तेव्हा मी दादरच्या बाजारात भेंडी निवडत होते. भेंडीवाल्याला भाव विचारला नाही, घासाघीस केली नाही, तिथून सरळ जाऊन उभ्यानेच एक पियूष प्यायले आणि मग दुसरं.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. कॉलेजने सत्कार ठेवला. नाक्यावर एक फलक लागला, त्यात सहा पुढाऱ्यांचे हात जोडलेले फोटो होते आणि खालच्या कोपऱ्यात, पासपोर्टच्या फोटोत, मी. सत्काराला प्रमुख पाहुणे म्हणून थोर प्राध्यापकांनाच बोलावलं होतं, कारण प्राचार्यांच्या मते या विषयात त्यांच्याइतकं मोठं नाव नव्हतं. त्यांनी मला शाल घातली आणि भाषणात सांगितलं की पहिल्या दिवशी फोटो बघितला तेव्हाच आपल्याला काहीतरी वेगळं जाणवलं होतं. फडक्याचाही उल्लेख केला, निरीक्षणशक्तीचं उदाहरण म्हणून. पुढच्या तीन रांगांनी टाळ्या वाजवल्या. भर दुपारी लोकरीची शाल पांघरून मी त्यांच्याकडे बघत होते आणि मला खरोखर राग येत नव्हता. ते चुकले होते आणि ती आता छापील गोष्ट होती. शालीची गरज त्यांना माझ्यापेक्षा जास्त होती.

छापील निबंध घेऊन मी लालबागला गेले. वहिनी कालवण ढवळत होत्या. इंग्रजी त्यांना अक्षरांपुरतं येतं, तेवढं पुरलं. पहिल्याच पानावर, बुरशीच्या नावापुढे, त्यांचं बोट थांबलं.

"ह्या काय? आमचा आडनाव हय कित्याक? तू शपथ घेतलंस."

मी सांगितलं की ही पद्धत आहे. जो जातीचं पहिलं वर्णन करतो त्याचं आडनाव त्या नावाच्या मागे लागतं, कायमचं. ते माझं आहे.

"तुझा आडनाव म्हणजे माझाच ना?"

"हो. एकच."

त्या पळी हातात धरून उभ्या राहिल्या. "म्हणजे कोण पण ह्या बुरशीचा लिवात, तेका आमचा नाव लिवचा लागतला?"

"निदान एकदा तरी."

"आणि तो तुमचो मोठो प्रोफेसर? भाषण केल्यान तो?"

"त्यालाही."

"पुरा? की नुसता पयला अक्षर?"

"पुरं."

वहिनींनी गॅस बारीक केला, हात पदराला पुसले, निबंध माझ्याकडून घेतला आणि गॅलरीत गेल्या. शेजारच्या दारावर त्यांनी दोनदा थाप मारली.

"काय गो, आसस काय? चष्मो घेवन ये जरा."